शाकारलेलं यंत्र

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून मी पुष्कळदा बसले आणि दर वेळी त्यांच्या वह्यांपाशी येऊन अडले. त्या वह्या आता नाहीत. त्यांतलं सगळं माझ्या हातून गेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना काही लपवावंसं वाटणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीच्या बंदरावर ते कारकून होते. येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांची नोंद सरकारी रजिस्टरात करायची, एवढं त्यांचं काम. ते आटोपून घरी आले की हातपाय धुऊन, चहाच्या आधी, ते स्वतःच्या वहीत वेगळी नोंद करत. वारा कुठून होता, पाण्याचा रंग कसा होता, कोणती मासळी आली, अंदाजे किती टोपल्या, कोणती येईल असं वाटलं होतं आणि आली नाही. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं आणि कोणी कधी पाहायला मागितलंही नाही. नोकरी लागली त्या वर्षापासून ते लिहीत आले. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी मांडवीहून चालत बंदरावर जायचे आणि येऊन लिहायचे. निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या, एकावर एक, आईच्या शिसवी कपाटाच्या खालच्या खणात.

या सगळ्यामागे त्यांचा एक अंदाज होता. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. नवरात्राच्या आधी हा वारा धरला, तर त्या वर्षी बांगडा किनाऱ्याजवळ येतो, असं त्यांचं म्हणणं. यावरून त्यांचं एका नाखव्याशी जन्मभर वाजत राहिलं. हा नाखवा तीन होड्यांचा मालक, अण्णांच्याच वयाचा, मुसलमान मोहल्ल्यात राहणारा. अण्णा त्याला नाखवा म्हणत आणि तो अण्णांना कारकूनसाहेब म्हणे, तेही नमस्कार घातल्यासारखा वाकून.

"बांगड्याला तुझं पंचांग वाचता येत नाही, कारकूनसाहेब."

"वारा कळतो त्याला."

"त्याला काय कळतं ते त्याला जाळ्यात धरणाऱ्याला विचार. तू फक्त मोजतोस."

मी अठ्ठ्याण्णव साली तिथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवायला लागले. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. घरात आम्ही दोघंच. दोघंही कमी बोलणारी. जेवताना ते वर्तमानपत्र वाचायचे आणि मी पुस्तक. आईला हे आवडत नसे, पण आता सांगायला ती नव्हती.

संशोधनाचा विषय मला उशिरा सापडला. दूरदेशी एखाद्या कंपनीकडे हजारो संगणक असतात. त्यांतला एक तासाच्या बोलीने भाड्याने घ्यायचा, इथे बसून त्याच्यावर आपलं काम चालवायचं, आणि काम झालं की सोडून द्यायचा. आज याला लहान मुलंसुद्धा क्लाउड म्हणतात. तेव्हा ते नुकतंच सुरू होत होतं आणि मुंबईतल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही त्याला नेमकं काय म्हणावं ते ठरवता आलं नव्हतं. माझा मुद्दा साधा होता. कोयनेची वीज आमच्याच जिल्ह्यात, पोफळीला तयार होते आणि आमच्याकडे दुपारी भारनियमन असतं. खाऱ्या हवेत यंत्रांचे पत्रे दोन वर्षांत गंजतात. अशा ठिकाणच्या लहान कॉलेजाने मोठी यंत्रं विकत घेऊच नयेत. ती दुसरीकडे असू द्यावीत आणि आपण फक्त वापरावीत. हे सिद्ध करायला खऱ्या, पुष्कळ वर्षांच्या, किचकट नोंदी हव्या होत्या.

"तुमच्या गावचंच काही घे ना," मॅडम म्हणाल्या.

त्या रविवारी मी कपाटाचा खालचा खण उघडला. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"माझ्या वह्या पीएचडीला?"

"होय."

"माझं अक्षर वाचवेल तुझ्या यंत्राला?"

"अक्षर मी वाचीन. त्याला नुसते आकडे द्यायचे."

ते वाकून खणातल्या वह्या सारख्या करू लागले. मग म्हणाले, "नाखवा बरोबर की मी, ते सांगेल?"

मी म्हटलं, "सांगेल."

एवढं एकच वचन मी त्यांना आयुष्यात दिलं असेन.

दोन वर्षं आम्ही त्या नोंदी भरत होतो. घरी संगणक नव्हता. माझे तास संपले की अण्णा कापडी पिशवीत दोन वह्या घेऊन कॉलेजच्या बसने यायचे. प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून ठेवायचा नियम होता. तो त्यांना पटला होता. आतल्या गार हवेसाठी त्यांनी कानटोपी आणून ठेवली होती. कानटोपी घालून, अनवाणी, ते खुर्चीच्या कडेवर बसून वाचत आणि मी टंकत असे. पोरं दारातून डोकावून जायची. शिपाईमामा त्यांना चहा आणून देत आणि "आज कुठल्या सालात आलात?" म्हणून विचारत.

वहीत त्यांच्या खुणा होत्या. बांगड्याला नुसता 'बां'. काहीच न मिळालेल्या दिवसाला शून्य आणि त्यात टिंब. एका वर्षी काही तारखांपुढे लहानशी फुली होती. ती कशाची हे त्यांना आठवेना. संध्याकाळी ते मुद्दाम नाखव्याकडे जाऊन विचारून आले. परत आले ते ओशाळून.

"त्या दिवसांत आम्ही बोलत नव्हतो, म्हणतो. त्याच्या होड्यांचं मी दुसऱ्याला विचारून लिहिलेलं."

"मग फुली भरू का?"

"भर. ऐकीव माहिती आहे, तसं लिही."

एकदा वाचता वाचता ते थांबले. मी बोटं तशीच ठेवून वाट पाहिली. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. आई गेली ती तारीख होती. वायव्येचा वारा, पाणी गढूळ, कोळंबी थोडी, बांगडा नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही स्मशानातून परतलो होतो. त्यानंतर केव्हातरी ते बंदरावर जाऊन आले होते, आणि मला ते इतकी वर्षं माहीत नव्हतं.

"हे गाळायचं का?" मी विचारलं.

"गाळलंस तर खाडा दिसेल," ते म्हणाले.

मी भरलं.

टंकलेलं सगळं मी जमेल तेव्हा, टेलिफोनची लाइन चालू असेल तेव्हा, त्या भाड्याच्या यंत्रावर पाठवत होते. मॅडमच्या ओळखीच्या एका परदेशातल्या गृहस्थांनी ते यंत्र आपल्या नावावर घेऊन दिलं होतं. मॅडमनी फोनवर एकदा विचारलं, "दुसरी प्रत आहे ना?" मी म्हटलं, "इथे आमच्या लॅबमध्ये आहे. पण खरी तिकडेच आहे." हे मी थोड्या अभिमानानेच म्हटलं. माझा प्रबंधच सांगत होता की जवळ काही ठेवायची गरज नाही. मग मीच घरी तबकड्यांचा ढीग लावून बसणं मला लबाडीचं वाटत होतं.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात शेवटची वही भरून झाली. त्याच सुमाराला कपाटाच्या त्या खणाला वाळवी लागलेली दिसली. खालच्या पाच-सहा वह्यांच्या कडा पोखरून गेल्या होत्या. वरच्या फळीवर माझी पुस्तकं होती.

"आता ह्यांचं काम झालं," अण्णा म्हणाले. "घरात ठेवल्या तर तुझी पुस्तकं जातील."

रद्दीत द्यायला ते तयार नव्हते. आमच्याकडे लिहिलेला कागद जाळत नाहीत आणि त्यात भजी बांधलेलीही चालत नाहीत. जुनी पोथी, पत्रिका, मेलेल्या माणसाची पत्रं, सगळं पाण्यात सोडतात. अण्णांनी चालू वहीसकट सगळ्या वह्या गोणपाटात बांधल्या, सोबत जांभ्याचे दोन चिरे घातले. नाखव्याची मोठी होडी मोसमातल्या शेवटच्या फेरीला निघाली होती. जेटीवर गोणपाट उचलताना नाखवा कण्हला.

"जन्मभर माझ्या होड्या मोजल्यास. आता तुझं ओझंपण माझ्याच होडीत."

"खोल पाण्यात सोड. किनाऱ्याला लागता कामा नये."

"कारकुनाचा हुकूम," नाखवा म्हणाला.

मी तिथे उभी होते. मला काहीही वाटलं नाही. वह्यांतलं सगळं सुखरूप आहे, वाळवीच्या आणि खाऱ्या हवेच्या पलीकडे आहे, असं मी धरून चालले होते. लॅबमधली प्रतही त्याच महिन्यात गेली. त्या सुट्टीत व्हायरसमुळे सगळे संगणक पुसून नव्याने तयार करायचं ठरलं होतं, आणि तसं करायला हरकत नाही अशी सही विभागातर्फे मीच केली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होड्या वर ओढल्या जातात. मग त्यांच्यावर बांबू घालून, नारळाची झापं आणि ताडपत्री बांधून त्या शाकारतात. समुद्र उघडेपर्यंत, नारळी पौर्णिमेपर्यंत, त्यांना कोणी हात लावत नाही. अण्णा त्या दिवसांत बंदरावर जास्त वेळ असत. प्रत्येक होडी नीट शाकारली का ते बघत फिरत. त्यांचा तो कामाचा भाग नव्हता, पण कोणी हरकत घेत नसे.

जेवताना मी त्यांना म्हटलं की हिशेब अर्ध्यावर आलाय, पण पावसात लाइन आठ-आठ दिवस बंद असते, यंत्र मात्र तिकडे रिकामं चालू राहील.

"रिकामं चालू कशाला ठेवायचं?" ते म्हणाले. "शाकारून ठेव. पौर्णिमा झाली की काढ."

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी क्षणभरही विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी ते यंत्र बंद केलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. मी 'हो' म्हटलं.

त्या काळी ती यंत्रं थांबवून ठेवता येत नसत. बंद केलं म्हणजे परत केलं. परत केलेलं यंत्र कंपनी पुसून दुसऱ्या कोणाला देई. आपला मजकूर टिकवायचा तर तो आधी वेगळ्या जागी साठवावा लागे. हे मला ठाऊक होतं. नुसतं वाचलेलं नव्हतं, माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी स्वतःच ते एका परिच्छेदात नीट समजावून लिहिलं होतं. पण तो परिच्छेद लिहिताना मी कोणा परक्या माणसाला समजावत होते, आणि बंद करताना मी बंदरावरच्या कारकुनाची मुलगी होते. पावसाळ्यात वस्तू झाकून ठेवतात आणि नंतर ती तिथेच मिळते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना न भेटता राहिल्या होत्या.

जुलैत अण्णा आजारी पडले. छातीत पाणी झालं. दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आले ते अंथरुणालाच खिळले. बंदरावर जाणं बंद झालं. वही तर नव्हतीच. नाखवा एक दिवसाआड येऊन खुर्चीत बसायचा आणि वारा कुठून आहे ते सांगायचा. ते ऐकायचे. लिहू का म्हणून मी विचारलं तर हाताने नको म्हणाले.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी मी निघताना त्यांनी विचारलं, "काढतेस ना आज?"

"काढते."

प्रयोगशाळेत त्या वेळी कोणी नव्हतं. यंत्र सुरू झालं ते कोरं होतं. मला आधी वाटलं मी चुकीच्या जागी बघते आहे. मग मी कंपनीला लिहिलं. तीन ओळींचं सभ्य उत्तर आलं. मग मॅडमना फोन केला.

"तू दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहेस ना हे?"

"हो."

मी फोन ठेवला.

त्या दिवशी मी घरी जाऊन अण्णांना लाइन बंद होती असं सांगितलं. पुढचे काही दिवस तेच सांगितलं. ते रोज विचारत. श्वास पुरत नसल्यामुळे त्यांचं विचारणं दोन शब्दांवर आलं होतं. "लागलं यंत्र?" एवढंच.

मग एका संध्याकाळी नाखवाही खुर्चीत बसलेला असताना त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "लागलं. आलं उत्तर."

त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला. नाखव्याने पाठीमागे उशी दिली.

"तुम्ही बरोबर होतात," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मतलई लवकर धरला त्या सगळ्या वर्षी बांगडा आला."

"झालं," नाखवा म्हणाला. "यंत्र कुठे आहे म्हणालीस, बाय?"

"अमेरिकेत."

"आणि बांगडा मांडवीत. बरं आहे. घे, कारकूनसाहेब. मी हरलो. आता वर जाऊनसुद्धा मलाच हिणवशील."

अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"सगळ्या वर्षी?"

"हो."

"एकही साल चुकलं नाही?"

इथे मी दोन-तीन सालं चुकली म्हणायला हवं होतं. फार स्वच्छ उत्तर आलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण त्यांना पूर्ण द्यावं असं मला वाटलं. मी म्हटलं, "नाही. एकही नाही."

ते श्वास जमवून म्हणाले, "मग काहीतरी चुकलंय गो. मी चुकलोय. मला माहीत आहे ना."

मी त्यांची उशी सरळ केली.

"तू भरताना चुकली असशील. परत लाव."

"लावते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "लावलंस?" मी म्हटलं, "चालू आहे. वेळ लागतो." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांनी माझ्या खोट्या उत्तरावर विश्वास ठेवून जावं असं मला वाटत होतं. ते खऱ्याची वाट बघत गेले.

मॅडमच्या आग्रहामुळे प्रबंध पुढे झाला. सरकारी पावसाच्या छापील नोंदी घेऊन मी तोच मुद्दा मांडला आणि तो मान्य झाला. परीक्षकांनी दुसरं प्रकरण विशेष स्पष्ट आहे असं म्हटलं. मला पदवी मिळाली त्या दिवशी मी घरी येऊन कुकर लावला आणि जेवले.

नाखव्याला मी खरं सांगितलं ते अण्णांचे दिवस झाल्यावर. तो जेटीवर एका उलट्या टोपलीवर बसून जाळं बघत होता. मी सगळं सांगितलं, वह्यांचं, यंत्राचं, संध्याकाळच्या त्या उत्तराचंसुद्धा. त्याने जाळं खाली ठेवलं.

"शाकारलेली होडी उघडली आणि आत होडीच नाही. तसं?"

"तसंच."

"त्यानेच सांगितलं होतं ना, शाकार म्हणून?"

"चूक त्यांची नाही, चाचा."

"मी कुठे म्हणतो." मग जाळं परत उचलत तो म्हणाला, "खोल पाण्यात सोडली मी. तो म्हणाला म्हणून मुद्दाम लांब नेली. जवळ सोडली असती तर..." ते वाक्य त्याने तसंच ठेवलं.

मी उठले तेव्हा तो म्हणाला, "बस जरा. चुकला होता तो. ते खरं आहे."

"कधी?"

"माझ्या मोठ्या मुलीचा निकाह झाला त्या साली. मतलई लवकर धरला, आणि जेवणावळीला बांगडा घालायचा तर मिळेना. शेवटी हलवा मासा आणला. मी बंदरावर चारचौघांत त्याला ऐकवलं होतं. आणि एक, मोठी होडी पाण्यात घातली ते साल. तेव्हापण वारा होता, बांगडा नव्हता."

"आणि ते बरोबर आले ती सालं?"

नाखवा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटलं असावं.

"ती मी कशाला लक्षात ठेवू, बाय?"

निकाहाचं साल त्याने बोटांवर मोजून सांगितलं. होडीचं साल तिच्या परवान्यावर होतं. तो त्याने मुलाकडून मागवून दाखवला. घरी येऊन मी दोन्ही सालं एका कोऱ्या कागदावर लिहिली. वारा लवकर, बांगडा नाही. वारा लवकर, बांगडा नाही. पुढे अण्णांच्या पद्धतीने ऐकीव माहिती असं लिहून फुली केली. त्याखाली लिहायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.